बुडालेले अकरा मणी

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत ताईबाईचं पटवेकरणीचं दुकान होतं. दुकान कसलं, रस्त्याला लागून असलेला ओटा, त्यावर एक गादी, रेशमाच्या लडी टांगायला चार खुंट्या, आणि मधोमध पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसलेली खुद्द ताईबाई. तुटलेली पोत, सैल झालेलं डोरलं, विखुरलेली मोत्यांची माळ, सगळं ती नव्या रेशमात गाठवून द्यायची. भाऊ नव्हता म्हणून वडलांची गादी तिच्याकडे आली, आणि गादीबरोबर वडलांचा तोराही आला. "मणी हातात आला की मी त्याची कुंडली सांगते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. बहुतेक वेळा तिचं बरोबरच निघायचं. म्हणूनच तिला कुणी आवरत नसे.

जुन्या मण्यांचं तिला भारी वेड. मोडीत आलेल्या, जुन्या बाजारात पडलेल्या, कुणा म्हाताऱ्या बाईच्या पेटीतून निघालेल्या माळा लोक तिच्याकडे आणत आणि हळूच विचारत, "केरबा आहे का हो हा?" पुस्तकात ज्याला तृणमणी म्हणतात, तोच केरबा. दिसतो खड्यासारखा, पण तो दगड नव्हे. कुठल्या तरी थंड मुलखातल्या झाडांचा चीक जमिनीत युगंच्या युगं पडून राहतो आणि त्याचा असा मधाच्या रंगाचा मणी होतो. ताईबाईकडे केरबा म्हणून येणाऱ्या माळांपैकी जवळजवळ सगळ्या प्लास्टिकच्या निघत. मालक वैतागून मणी तिथेच टाकून जात आणि ती ते काचेच्या एका मोठ्या बरणीत भरून ठेवी. बरणी गळ्यापर्यंत आली होती. खऱ्या केरब्याची अख्खी माळ मात्र वडील गेल्यापासून तिच्या हातात एकदाही आली नव्हती.

त्यामुळे अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात, नागपंचमी झाल्यावरच्या गुरुवारी, प्रमिलाबाईने तिच्यासमोर फडकं उलगडलं तेव्हा ताईबाईने हातातलं काम बाजूलाच टाकलं.

पारोळ्याच्या पुढच्या एका गावातून तिघं आली होती. रुपचंद, त्याची बायको प्रमिलाबाई, आणि रुपचंदच्या धाकट्या भावाची, अभिमनची बायको झुंबरबाई. फडक्यात एक काळीकुट्ट माळ होती. एकतीस मणी, कडेला बोराएवढे, मधे चांगले मोठे. तुपाचा, हळदी-कुंकवाचा आणि दिव्याच्या काजळीचा थर त्यांच्यावर बसलेला. माळ फाशाजवळ, म्हणजे मानेमागे अडकवतात तिथे, एका ठिकाणी तुटली होती.

"आक्का, हाई आमनी कानबाईनी माळ शे," प्रमिलाबाई म्हणाली. "केरबानी. पन आते माले वाटस, केरबानी ऱ्हायनी नही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ही माळ त्यांच्या घरात तीन पिढ्या होती. सासू भिकुबाईने जाताना ती थोरल्या सुनेला डावलून धाकटीच्या हातात दिली. वर्षातून एकदा, कानबाई बसते त्या रविवारी, पेटीतून काढायची, चौरंगावर देवीला घालायची, सोमवारी नदीवर जाण्याआधी उतरवून परत पेटीत. मागच्या साली जळगावच्या कुणी व्यापाऱ्याने ती पाहिली आणि चांगले पैसे येतील म्हणून सांगितलं. या साली दोरा तुटला. प्रमिलाबाईने माळ हातात घेतली आणि तिला मधले मणी निराळे लागले. बस, एवढ्यावरून घरात ठिणगी पडली होती.

"खोटी निंघनी ते अभिमनना घरनी मूठ रोटम्हा पडाव नही," रुपचंद म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही, पण बोलला ते पक्कं होतं.

कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू एकत्र काढतात, ते एकत्र दळतात आणि ते रोट भाऊबंदच खातात. मूठ घेतली नाही म्हणजे घर तोडलं. अभिमनच्या घरी तो आणि दोन पोरं, अशा तीन नावांच्या मुठी होत्या. झुंबरबाईला नुसतं चोर म्हणून थांबणार नव्हते, तिच्या पोरांनाही भाऊबंदातून काढणार होते.

झुंबरबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिने कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या घरची ती रीतच होती. जेठ डोळ्यांसमोर बसून आरोप करतोय आणि हिला उत्तर द्यायची सोय नाही. तिने पदर पुढे ओढला आणि ताईबाईलाच म्हटलं, "आक्का, त्यास्ले सांगा. सासूनी जशी दिन्ही तशीच शे. मी एक मनीले बी धक्का लायेल नही."

"ते आता मणीच सांगतील," ताईबाई म्हणाली. तिचे हात शिवशिवत होते. खरं सांगायचं तर झुंबरबाईचं काय होईल हे तिच्या मनात त्या क्षणी फारसं नव्हतं. माळ केरब्याची निघते का, एवढंच तिला हवं होतं.

तिच्या वडलांचा एक नियम होता. मण्याला आधी आंघोळ, मग परीक्षा. ताईबाईला तो पाठ होता, दुसऱ्यांना ती तो शिकवायची. पण आंघोळ म्हणजे रिठ्याच्या कोमट पाण्यात मणी रात्रभर ठेवायचे, आणि रुपचंद तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याला दुपारची गाडी गाठायची होती. गरम सुईने टोचून वास घेता आला असता, पण देवीच्या मण्याला डाग नको म्हणून प्रमिलाबाईने हात आडवा धरला. मग ताईबाईने कात्रीने मण्यांमधले दोरे कापले, एकेक मणी फडक्याने वरवर पुसला आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, पातेलं आणा आणि खडे मीठ."

तिचा नवरा पुना पातेलं घेऊन आला. ताईबाईने मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घातलं. "साध्या पाण्यात केरबा बुडतो," ती म्हणाली, "पण असल्या खाऱ्या पाण्यात वर येतो. प्लास्टिक तळाला जातं."

पहिला मणी तिने सोडला. तो खाली गेला, थांबला आणि सावकाश वर आला. खरा केरबा. दुसरा वर, तिसरा वर. वीस मणी पाण्यावर काळ्या बोरांसारखे डुलत राहिले. मग तिने मधले मोठे मणी घेतले. पहिला टक्कन तळाला गेला. दुसराही. अकराच्या अकरा मोठे मणी पातेल्याच्या बुडाला जाऊन बसले आणि तिथून हलले नाहीत.

नेमके सगळ्यात मोठे, सगळ्यात भारी मणी. चोर नेणार तर तेच नेणार.

"अकरा खोटे," ताईबाई म्हणाली. आणि तिच्या त्या सवयीने पुढचंही बोलून गेली, "मिठाचं पाणी खोटं बोलत नाही."

झुंबरबाईने वळून पाहिलं ते ताईबाईकडे. डोळ्यांत राग नव्हता. ज्या एका माणसातर्फे तिला बोलता येत होतं, तेच फिरलं होतं. ती उठली, पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. रुपचंदने पातेल्यात हात घालून बुडालेले मणी काढले आणि ताईबाईच्या बरणीत टाकले. "वीस मण्यांची माळ करी ठेवा. रविवारी सकाळी पहिली गाडीवर मानूस येई," म्हणाला आणि तिघं निघून गेली.

ताईबाई त्या दिवशी वीस मण्यांच्या आनंदातच होती. तिने ते रिठ्याच्या पाण्यात ठेवले. केरब्याला स्पिरिट नको, सोडा नको, ऊन नको, हेही वडलांचंच. शुक्रवारी दुपारी तिने मणी काढले, धोतराच्या जुन्या मऊ तुकड्याने एकेक घासत बसली. काजळी सुटली आणि आतून रंग निघाला. कुठे मधाचा, कुठे साईच्या दुधाचा, एकात बारीक बारीक काड्या अडकलेल्या. मणी रेशमावर घासला आणि कापसाच्या तंतूजवळ नेला तर तंतू उडी मारून चिकटला. ताईबाई एकटीच हसली आणि तिने पुन्हा तेच केलं.

तिळाच्या तेलाचं बोट फिरवून मणी ओळीने मांडले आणि जुन्या दोऱ्याचे तुकडे गोळा करायला घेतले. कापलेला दोरा ती कधी फेकत नसे. दोऱ्यावरून माळेचं वय कळतं. तुकडा उजेडात धरला आणि तिचा हात तिथेच थांबला.

गाठ डावीकडे वळलेली होती.

सगळे पटवेकरी गाठ उजवीकडे वळवतात. डावीकडे वळवणारा तिला एकच माणूस माहीत होता, तिचे वडील. ते डावखुरे होते. ताईबाईने धडाधड सगळे तुकडे चाळले. ज्या तुकड्यांच्या गाठी लांब लांब होत्या, म्हणजे ज्यांच्यामधे मोठे मणी बसले होते, त्या गाठीही डावीकडे वळलेल्या होत्या. त्याच रेशमाच्या, तशाच काजळलेल्या, तुपाने दगड झालेल्या. माळ तुटली होती फाशाजवळ. बाकीच्या गाठी कालपर्यंत कुणी सोडल्याच नव्हत्या. त्या तिने स्वतः कात्रीने कापल्या होत्या.

वडील वारले एकसष्ट साली. झुंबरबाई त्या घरात आली सत्तर साली. गाठ न सोडता मणी बदलायचा कसा? आणि वडलांनी देवीच्या माळेत जाणूनबुजून प्लास्टिक ओवलं असेल, हे ती मेली तरी मानणार नव्हती.

"अहो, बरणी काढा," ती ओरडली. पुना फळीजवळ पोचायच्या आत ती स्वतःच उठली होती. तिने बरणी गादीवर उपडी केली. पिवळे, तांबडे, गोल, चपटे, सगळ्या जन्माचं खोटेपण घरभर गडगडत गेलं. दोघं नवरा-बायको गुडघ्यांवर रांगत काळे मणी वेचू लागली. दहा सापडले. अकरावा काही केल्या मिळेना. पुनाने गादी झटकली, ताईबाईने उंबरा धुंडाळला, आणि शेवटी बरणीत हात घातला तर तो तुपाने बुडाला चिकटून बसलेला.

रात्रभर थांबण्याचा धीर आता तिच्यात नव्हता. तिने पाणी कोमट केलं, रिठे चुरगळले आणि पहिला मणी हातातच चोळायला घेतला. काळा थर निघत गेला. खालून मध दिसायला लागला, असा दाट आणि स्वच्छ की बाकीचे वीस त्याच्यापुढे फिके पडावेत. तळव्यात घासून नाकाला लावला. राळेसारखा मंद वास. रेशमावर घासला, तंतू चिकटला. हाताला हा खरा, नाकाला खरा, आणि पाण्यात मात्र खोटा.

"मग बुडाला का?" पुनाने विचारलं.

ताईबाईने भोकात सुई घातली. आतून खर्र असा आवाज आला. केरब्याला असा आवाज नसतो. तो धातूचा होता.

तिने पाणी आणखी तापवलं, मणी त्यात धरला, आतली लाख मऊ झाली तसा चिमटा घातला आणि सावकाश ओढलं. पितळेची एक नळी बाहेर आली. पातळ पत्रा सुईवर गुंडाळून केलेली, भोकाएवढी, लाखेने आणि विटेच्या पुडीने बसवलेली. मधले मणी जड, तेच दोऱ्याला जास्त ओढतात, आणि त्यांचीच भोकं झिजून रुंद होतात. दोरा कापू नये म्हणून कुणीतरी आत नळ्या घातल्या होत्या. त्या पितळेनेच मणी तळाला नेले होते.

ताईबाईने नळी उजेडात धरली. पत्र्याच्या सांध्यावर, एका टोकाला, दातांच्या खुणा होत्या. बारीक, जवळ जवळ.

तिने नळी स्वतःच्या दातांजवळ नेली.

दहा वर्षांची असेल ती तेव्हा. वडलांच्या शेजारी बसून पत्रा सुईवर गुंडाळायची. पक्कड वडलांच्या हातात, म्हणून ही सांधा दातांनी दाबायची, आणि ते रागवायचे, "दात पडतील, भवाने." कुठल्याशा देवीची पिवळी माळ होती. नळ्या छान झाल्या म्हणून वडलांनी तिला भजी आणून दिली होती. भजी तिला चांगली आठवत होती. नळ्या मात्र साफ विसरली होती.

"माझंच काम," ती नवऱ्याला म्हणाली. "मीच घातल्या, आणि मीच तिला चोर ठरवून बसले." तिला रडू आलं आणि तिने ते पुसलंही नाही. रडता रडताच तिने उघडा मणी खाऱ्या पाण्यात सोडला. तो खाली गेला, थांबला आणि वर आला.

पुना म्हणाला, "रविवारी माणूस येईल त्याच्याजवळ चिठ्ठी दे."

"गहू उद्या काढतात," ताईबाई म्हणाली. "आणि तोंडाने बोलले ते तोंडानेच मागे घ्यायला हवं."

शनिवारी सकाळी ती पारोळ्याच्या गाडीत बसली. कानबाईसाठी घरी निघालेल्या बायकांनी गाडी ठासून भरली होती. एकवीस मोकळे मणी, सुटी नळी आणि नळीसकट ठेवलेले दहा मोठे मणी तिने पदराच्या दोन गाठींत बांधले होते, चिमटा आणि रेशमाची लडी कमरेला खोचली होती, आणि एक हात गाठींवरून काढला नव्हता. पारोळ्याला उतरून पुढच्या गाडीने ती गावात पोचली तेव्हा दुपार झाली होती. रुपचंदचं घर विचारलं तर पोरींनी सांगितलं, बठ्ठा गिरणीवर शेतस.

गिरणीसमोर अर्धं गाव उभं होतं. कानबाईचं दळण म्हणून गिरणी धुऊन काढलेली, हळद-कुंकू लावलेली, डबे ओळीने मांडलेले, आणि लाईट गेलेली. त्या लाईट जाण्याने ताईबाईवर केवढे उपकार केले ते तिलाच ठाऊक. रुपचंदच्या डब्यातले गहू अजून गहूच होते.

"भाऊ, दळू नका," ती गर्दीतून वाट काढत म्हणाली. धापा टाकत होती. "मी चुकले. तुमच्या घरात चोर नाही."

प्रमिलाबाई पुढे आली. ताईबाईने शेजारच्या दुकानातून खडे मीठ मागवलं, गिरणीवाल्याची बादली घेतली आणि सगळ्यांसमोर पाणी खारं केलं. मग एक मोठा मणी, नळीसकट, आत सोडला. तो तळाला गेला. गर्दीतून आवाज उठला. तिने तोच मणी काढला, गिरणीवाल्याच्या किटलीतला गरम चहा वाटीत ओतून त्यात बुडवून धरला, लाख सुटली तशी चिमट्याने नळी ओढली आणि मणी पुन्हा पाण्यात टाकला. मणी खाली गेला, थांबला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर आला.

"ही नळी मी केली," ताईबाईने ती वर धरली. "दहा वर्षांची होते तेव्हा. हे माझे दात. तुमच्या सासूबाईंनी माळ आमच्याच दुकानातून दुरुस्त करून नेली होती. आधी मणी धुवायचा, भोक बघायचं, मग पाण्यात टाकायचा, हे मला माझ्या बापाने शिकवलं होतं. मी घाई केली. सगळे मणी खरे आहेत. खोटं काही निघालं असेल तर ते माझं बोलणं."

प्रमिलाबाई बादलीजवळ उकिडवी बसली आणि तरंगणाऱ्या मण्याकडे बघत राहिली. मग उठली आणि झपाझप घराकडे निघून गेली. परत आली तेव्हा तिच्यामागे झुंबरबाई होती, डोक्यावरून पदर, हातात सूप, सुपात गहू. गहू आधीच निवडून ठेवलेले दिसत होते. दोन दिवस दार लावून बसली होती म्हणे, आणि तरी तिने गहू निवडले होते.

ती डब्याजवळ आली. पहिली मूठ भरली, आणि डब्यावर धरून थांबली. डब्यापलीकडे रुपचंद उभा होता. झुंबरबाईने मान वर केली. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने जेठाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"भाऊ, हाई मूठ बी मिठाना पानीम्हा टाकी देखतस का?"

रुपचंदच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी उपडी धरली आणि तिच्यापुढे केली.

"टाक, माय," तो म्हणाला.

तिने मूठ टोपीत टाकली. मग वरची पाव मूठ. मग दोन पोरांच्या नावाच्या. रुपचंदने टोपी डब्यात रिकामी केली, एक दाणा शिवणीत अडकला होता तोही बोटाने काढून आत टाकला, आणि टोपी तशीच पीठ-मातीची डोक्यावर घातली.

ताईबाई तिथेच पोत्यावर बसली, बाकीच्या नळ्या एकेक करून काढल्या आणि पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवलं. या खेपेला पितळ नको म्हणून तिने दोरा तिपेडी घेतला. झुंबरबाई समोर येऊन बसली आणि एकेक मणी तिच्या हातात देऊ लागली. दहा-बारा मणी ओवून झाले.

"आक्का," झुंबरबाई म्हणाली, "त्या नळ्या माले द्या."

"कशाला गं? त्यांनीच तर तुला बुडवलं."

"सासूनी पेटीम्हा ठेवसू," ती म्हणाली. "सून उनी म्हंजे दखाडसू."

ताईबाईने अकराच्या अकरा नळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या आणि पुढची गाठ मारायला घेतली. बाप मारायचा तशी, डावीकडे वळवून. पहिल्यांदा ती सुटली. दुसऱ्यांदा बसली. तेवढ्यात लाईट आली, पट्टा फिरला, आणि गिरणीवाल्याने रुपचंदचा डबा उचलून वर ओतला.